खिशातले चिंचोके

"पाठ कर माझ्याकडे. आणि ओठ हलवायचे नाहीत, नुसतं ऐकायचं."

शकूने भिंतीकडे तोंड केलं. मी पितळी डब्यात एकेक चिंचोका टाकत गेले. मध्येच मुद्दाम थोडी थांबले, मग दोन लागोपाठ टाकले. चुलीपुढे भाकरी थापणारा तिच्या आईचा, कौसाताईंचा हातही थांबला होता.

"किती?"

"आठ."

"ओत डबा."

तिने डबा जमिनीवर पालथा केला आणि एकेका चिंचोक्यावर बोट ठेवत ते ओळीत लावले. सात निघाले.

"परत यक जास्तीचा आला," कौसाताई म्हणाल्या. "कुटनं आनतीस गं एवढं? बाजारातनं तरी आनत जा असं जास्तीचं."

शकू हसली. शाळेत गणिताच्या तासाला ती कधीच हसत नसे. तिसरीत होती, आणि वस्तू समोर ठेवल्या तरी तिचं बोट आणि तिची जीभ एका चालीने चालत नसत. बोट एका चिंचोक्यावर असे आणि जीभ दोन आकडे पुढे गेलेली असे. आकडे पाठ असणं आणि मोजता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं ते शकूच्या बाबतीत.

या गोष्टीला आता तीसहून अधिक वर्षं झाली. पुढे मी शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतून घरच्या घरी खेळता येतील असे गणिताचे खेळ शिकवले. डब्यातले चिंचोके, पत्त्यांची बेरीज, सागरगोट्यांची वजाबाकी. ते खेळ चांगले आहेत आणि त्यांचा उपयोग होतो, हे मी खात्रीने सांगू शकते. एक खेळ मात्र मी कुठल्याच वर्गात दाखवला नाही.

माणदेशातल्या त्या गावात मला पहिली नेमणूक मिळाली होती. पदार्थविज्ञानात पदवी घेऊन मी प्राथमिक शाळेत आले होते. गावात भाड्याची खोली मिळेना, तेव्हा शकूचे वडील सोपान गलांडे यांनी आपल्या दोन खोल्यांतली एक मला दिली. सोपानराव गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत सुरुंगाचे बार उडवण्याचं काम करत. सकाळी सिद्राम धोत्रे हा त्यांचा शेजारी मशीनने खडकात भोकं पाडी. दुपारी सोपानराव त्या भोकांत दारू भरत, ती पेटवणारी टोपी आणि वात बसवत, वर माती ठासत. एक वाजता माणसं जेवायला बाहेर गेली की वाती पेटवून आडोशाला जाऊन बसत. बार एकामागून एक उडत. शाळा सकाळची होती, त्यामुळे त्या वेळी मी घरी असे. आमच्या घराची कौलं रोज त्या आवाजाने थरथरत.

"जितके भरले तितके उडतात का नेहमी?" एकदा मी विचारलं.

सोपानरावांनी माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहण्याची त्यांना सवयच होती.

"न्हाई. यकादी वात मधीच इझती. मग तो बार तसाच ऱ्हातो भोकात."

"मग?"

"मग काय," ओट्यावर बसलेला सिद्राम म्हणाला, "सकाळी म्या मशीन घिऊन जायाचं, त्येच्याच शेजारी भोक पाडायचं, आन् तुमी समद्यांनी दुपारी माझ्या बाराव्याचं जेवायचं."

"गप ए," कौसाताई आतून ओरडल्या. "दिवेलागणीचं काय बोलतुयास."

"म्हनून तर मोजायचं असतं," सोपानराव म्हणाले. "धा भरलं तर धा आवाज यायला पायजेत. नऊ आलं तर दुसऱ्या दिवशी मशीन लावायची न्हाई. आदी तो बार हुडकायचा."

"मोजतं कोण?"

"म्या आन् मुकादम. नियमच हाय तसा."

नियम चांगला होता. एकच मोजणी दोन माणसांनी स्वतंत्रपणे करायची आणि आकडे जुळतात का ते पाहायचं, ही पद्धत मी प्रयोगशाळेत शिकले होते. खाणीतही ती आहे हे ऐकून मला समाधान वाटलं.

"सोपानरावाला हाक मारायची तरी बारच लावावा लागतुय," सिद्राम उठता उठता म्हणाला. "कवापासनं तंबाकू मागतुय, तर बसलाय आपला धुरुपताऱ्याकडं बघत."

सोपानराव हसले, पण जरा उशिरा. आम्ही हसलो ते पाहून ते हसले होते.

वीस वर्षं सुरुंगांच्या सान्निध्यात काढलेल्या माणसाला कमी ऐकू यावं यात आश्चर्य काही नव्हतं. घरातला रेडिओ इतका मोठा लावलेला असे की मी माझ्या खोलीचं दार लावून घेई. कौसाताई त्यांच्याशी बोलताना समोर येऊन बोलत. घराने त्या बहिरेपणाशी बिनबोभाट जुळवून घेतलं होतं.

डब्याच्या खेळात शकू आठवडाभरात सुधारली. त्या दिवशी सोपानराव दारात उभे राहून पाहत होते. मी डब्यात नऊ चिंचोके टाकले, शकू "नऊ" म्हणाली, डबा ओतला तर नऊच निघाले.

"बाई," ते म्हणाले, "हिला बार मोजाय येतील का?"

"येतील की. आवाज तर मोठाच आहे. दोन अगदी जवळ आले तर मात्र अवघड जाईल."

"मंग खेळ हुईल आमचा बी. म्या भोक भरलं की यक चिंचोका खिशात टाकत जाईन. हिनं हितं बसून बार मोजायचं. संध्याकाळी सांगायचं, आन् मग माझी मूठ उघडायची."

कल्पना मला मनापासून आवडली. एका बाजूला कानाने मोजलेली संख्या, दुसऱ्या बाजूला हाताने जमवलेली. दोन्ही वेगळ्या वाटांनी आलेल्या, आणि शेवटी जमिनीवर ओळीत मांडून ताडून पाहायच्या. याहून चांगला गृहपाठ मला सुचला नसता. मी तसं बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून एकच्या सुमाराला शकू उंबऱ्यावर डोळे मिटून बसू लागली. संध्याकाळी सोपानराव येत, सदरा खुंटीला अडकवून मागच्या रांजणाजवळ हातपाय धूत, मग खिशातले चिंचोके मुठीत घेऊन पाटावर बसत.

"किती?"

"अकरा."

मूठ उघडली. अकरा.

"शाब्बास!" ते इतक्या जोरात ओरडले की पलीकडून सिद्रामने विचारलं, "काय जालं रं? म्हैस व्याली का काय?"

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी ती "नऊ" म्हणाली, आणि मुठीतून दहा चिंचोके निघाले.

सोपानरावांनी चिंचोके पुन्हा मोजले. ताट वाढलेलं होतं. त्यांनी ते बाजूला सारलं.

"नऊच ऐकलं?"

"व्हय."

"नीट आठव. दोन संगं वाजलं व्हतं का?"

शकूने आईकडे पाहिलं. सोपानराव उठले, सदरा चढवला आणि बाहेर पडले. अजून उजेड होता. ते खाणीच्या दिशेने जाताना दिसले. अंधार पडल्यावर परत आले, तेव्हा कोपरापर्यंत धूळ होती.

"काय न्हाई. समदं उडालंत," ते म्हणाले आणि न जेवताच भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"बाप दिसभर उन्हात मरतुय," कौसाताई शकूला म्हणाल्या, "आन् तुला मोजाय येत न्हाई म्हनून परत तितंच जातुय. उपाशी निजला बग."

"पोर शिकतेय, कौसाताई. चुका होणारच," मी म्हणाले.

"शिकू द्या की, बाई. पन त्येंनी कशापायी जायाचं? खेळच हाय न्हवं?"

हा प्रश्न योग्य होता. माझ्या मनात तो पुढे गेला नाही, कारण त्याचं एक साधं उत्तर हाताशी होतं: सावध स्वभावाचा माणूस आहे, मनात शंका आली की खात्री करून घेतो.

त्याच आठवड्यात आणखी एकदा तसंच घडलं. आकडा एकने कमी, ताट बाजूला, खाणीवरची फेरी, आणि हाती काही नाही. त्या रात्री शकू रडली.

त्यानंतर तिचा आकडा चुकला नाही.

आठ, बारा, दहा, अकरा. मूठ उघडावी आणि तेवढेच निघावेत. सोपानराव खुशीत असत, भरपेट जेवत, सिद्रामला पोरीची हुशारी सांगत. शाळेतही शकूची चाल सुधारली होती. आता ती वस्तूंवर बोट न ठेवता नजरेने मोजू लागली होती. कौसाताईंनी मला एकदा खास पुरणाची पोळी करून वाढली. "तुमच्यामुळं जालं," म्हणाल्या.

मला मात्र बरं वाटत नव्हतं. ही माझी जुनी खोड आहे. प्रयोगशाळेत आमचे सर म्हणत, वाचन इतकं नेमकं जुळत असेल तर आधी उपकरण तपासा. बार काही घड्याळाच्या ठोक्यांसारखे उडत नाहीत. वाती कमीजास्त वेगाने जळतात. कधी दोन इतके जवळ येतात की मोठ्या माणसालाही ते एक की दोन ते सांगता येणार नाही. अशा आवाजांच्या मोजणीत अधूनमधून चूक व्हायलाच हवी. आठ वर्षांची मुलगी कधीच चुकत नसेल, तर ती कानांनी मोजत नाही.

मग कशाने?

त्या दुपारी मी शकूच्या मागे दारात उभी राहिले. हातात खडू होता. पहिला बार उडाला, मी चौकटीवर रेघ ओढली. दुसरा, तिसरा. सगळे स्वच्छ सुटे वाजले. त्या दिवशी वारा पडलेला होता आणि दोन बार एकत्र आले नाहीत. आवाज संपल्यावरही मी बराच वेळ थांबले. रेघा दहा होत्या.

"शकू, किती?"

"दहा," ती डोळे उघडत म्हणाली.

आम्हां दोघींचे आकडे जुळले. म्हणजे तिला मोजता येत होतं, आणि चांगलं येत होतं. माझी शंका फोल ठरल्याचा मला आनंद झाला आणि मी वह्या तपासायला बसले.

संध्याकाळी सोपानराव आले. सदरा खुंटीला लागला. मागे रांजणावर पाण्याचा आवाज येऊ लागला. मी माझ्या खोलीच्या दारातून पाहत होते. शकू पाय न वाजवता खुंटीपाशी गेली. टाचा उंचावून तिने सदऱ्याच्या खिशावर बाहेरून हात ठेवला आणि बोटांनी तो चाचपू लागली. तिचे ओठ हलत होते. मग ती जागेवर येऊन बसली.

सोपानराव पाटावर बसले. मूठ पुढे केली.

"किती?"

"अकरा."

मूठ उघडली. अकरा चिंचोके होते.

"शाब्बास, माझ्या वाघिणी!" त्यांनी ताट पुढे ओढलं.

मी शकूला खुणेने मागच्या दारी बोलावलं.

"दुपारी तू मला दहा म्हणालीस."

तिने मान खाली घातली.

"दुपारी किती ऐकलेस?"

"दहा."

"मग आता अकरा का?"

"खिशात अकरा व्हते."

"रोज खिसा बघतेस?"

तिने खाली बघतच मान हलवली.

"शकू, मी रागावणार नाही. आप्पांना दहाच का नाही सांगितलंस?"

"कमी सांगितलं तर आप्पा जेवत न्हाईत," ती म्हणाली.

त्या मुलीच्या विचारात तर्काची एकही चूक नव्हती. तिच्यासमोर दोन दिवसांची निरीक्षणं होती आणि दोन्ही दिवशी एकच परिणाम दिसला होता. आकडा कमी सांगितला की वडील उपाशी राहतात. तिने आकडा बदलला. परिणाम बदलला.

मी आत गेले. सोपानरावांचा तिसरा घास चालू होता.

"सोपानराव, आज एक बार कमी वाजला."

त्यांनी मान वर केली नाही. मी पुन्हा बोलले, मोठ्याने. मग त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिल्यावर सावकाश म्हणाले, "आज दहाच बार वाजले. मी स्वतः मोजले. शकूनेही दहाच मोजले होते. ती रोज तुमचा खिसा चाचपून आकडा सांगते."

हातातला तुकडा त्यांनी ताटात ठेवला. आधी त्यांनी शकूकडे पाहिलं, मग दाराबाहेर. दिवस मावळला होता आणि माळावर काळोख उतरत होता.

"मुकादमांनी किती मोजले?" मी विचारलं.

"मुकादम पत्र्याच्या खोलीत जेवत असतुय. म्या सांगीन तेवढा आकडा त्येचा."

"आणि तुम्ही?"

कौसाताईंनी परातीतले हात तसेच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला आवाज येत न्हाई, बाई," अखेर ते म्हणाले. "दोन वरसं जाली. बार छातीत बसतुय, एवढंच कळतंय. जवळचा बसतुय, लांबचा बसत न्हाई. आठ म्हनावं का धा, त्येचा भरवसा न्हाई. बहिऱ्याच्या हातात वात कोन दील? म्हनून पोरीचं कान घेतलं."

"अगं आई," कौसाताई हलक्या आवाजात म्हणाल्या.

तेव्हा मला त्या दोन उपाशी संध्याकाळींचा अर्थ लागला. तो खेळ फक्त शकूच्या बाजूने खेळ होता.

"आधीचे दिवस?" मी विचारलं. "इतके दिवस ती खिसा बघून सांगतेय."

त्यांनी बोटाने जमिनीवर रेघ ओढली, मग तिच्यामागे दुसरी. खडकाच्या पायऱ्या असाव्यात.

"आधीचा समदा खडक फोडून हाललाय. तितं काय ऱ्हायलं असतं तर आतापतूर कळलं असतं. आजचीच पायरी उभी हाय." ते थांबले. "उद्या सकाळी तितंच मशीन लावायची हाय. सिद्रामनं."

पलीकडच्या ओट्यावर सिद्राम कुणाला तरी काही सांगत मोठ्याने हसत होता.

सोपानराव उठले आणि बाहेर गेले. भिंतीपलीकडून आम्हांला सगळं ऐकू आलं.

"सिद्रामा, उद्या मशीन लावायची न्हाई. मी सांगीपतूर आत यायचं न्हाई कुनी."

"का रं? बार ऱ्हायला का?"

"ऱ्हायलाय."

"आत्ता कळलं व्हय तुला? दुपारी तर समदं उडालं म्हनलास की मुकादमाला."

सोपानरावांनी उत्तर दिलं नाही. प्रश्न ऐकू आला नाही की उत्तर द्यायचं नव्हतं, हे सांगणं अवघड आहे.

ते परत आल्यावर मी म्हणाले, "मुकादमांना सगळं खरं सांगा. ते आठ वाजता येतील. तालुक्याहून जाणकार माणूस बोलावू दे. तोवर तुम्हीही आत जाऊ नका."

"आठला मुकादम यील. मग म्हनंल, तुला कसं कळलं? काय सांगू? पोरगी म्हनली?"

"हो. आणि मी म्हणाले असंही सांगा. मी येते सांगायला."

"तुमची शाळा हाय." त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला, जणू आत अजून काही होतं. "बगतो. येऊ द्या त्येला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "शकूला यातलं काय सांगू नका. तिला वाटंल, तिच्यामुळं. तिला एवढंच सांगा, का जेवढं ऐकंल तेवढंच सांगायचं. खिसा बगायचा न्हाई."

मग पुन्हा पाटावर बसून त्यांनी ताटातली भाकरी संपवली. शेवटचा घास घेताना शकूकडे पाहून मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "जेवलो बग."

सकाळी मी उठले तेव्हा त्यांची चप्पल दारात नव्हती. कौसाताई चूल पेटवत होत्या. धूर कमी असूनही त्या डोळे पुसत होत्या.

"गेलं," एवढंच त्या म्हणाल्या.

शाळेची वाट खाणीच्या तोंडावरून जात असे. शकू माझं बोट धरून चालत होती.

"शकू, आजपासून खिसा बघायचा नाही. जेवढं ऐकशील तेवढंच सांगायचं. कमी असो की जास्त."

"आन् आप्पा जेवले न्हाईत तर?"

"कालच जेवले की. पाहिलंस ना? आकडा खरा असला की जेवतात."

तिने विचार केला आणि मान हलवली.

खाणीच्या रस्त्यावर सिद्राम आणि बाकीची माणसं बाभळीखाली बसली होती. मशीन त्यांच्याजवळ आडवं पडलं होतं.

"सोपानराव कुठे आहेत?" मी विचारलं.

सिद्रामने अंगठ्याने मागे दाखवलं. "आत. यकटाच. आमाला म्हनला भाईर बसा. म्या म्हनलं, मुकादमाला तरी यिऊ दे. ऐकत न्हाई. म्हंजे बगा, ऐकूच येत न्हाई त्येला." माणसं हसली. "लाकडाची काठी घिऊन गेलाय भोकं हुडकायला. धा भोकं फुटल्याली असतील, यक न फुटल्यालं असंल. सोपं हाय म्हनला."

"कुणी तरी हाक मारा त्यांना. बाहेर बोलवा."

"बाई, हाक मारून त्येला कळतंय व्हय?" सिद्राम आता हसत नव्हता. "आत जाऊन हात धरून आनाय पायजे. आन् आत जायाचं न्हाई म्हनून त्येनंच सांगितलंय. मुकादमाकडं मानूस धाडलाय म्या. यीलच."

खाणीच्या काठापर्यंत मी एकटी गेले. खाली, काळ्या पायरीवर, पाठमोरे सोपानराव गुडघे टेकून बसलेले दिसले. मी दोन्ही हात हलवले, ओरडले. माझा आवाज समोरच्या कड्यावर आपटून स्पष्टपणे परत आला. त्यांनी मान वळवली नाही. मागून सिद्रामने माझ्या हाताला धरून मला काठापासून मागे ओढलं, आणि मी शकूला घेऊन शाळेकडे निघाले. ती बाभळीखाली उभी होती आणि तिला तिथून नेणं भाग होतं.

वर्गात दोनाचा पाढा चालला होता. मुलं एका सुरात म्हणत होती, मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत होते. मुकादमाची मोटरसायकल अजून वाजली नव्हती. मी तिच्याकडे कान लावून होते.

बार उडाला.

खिडकीचं दार चौकटीवर आपटलं. फळ्यावरून खडूची धूळ खाली आली. पाढा तुटला. मुलांना त्या आवाजाची सवय होती, पण सकाळी तो कधी येत नसे, म्हणून ती एकमेकांकडे पाहू लागली. खिडकीतून बाभळीखालची माणसं दिसत होती. ती उठून पळत होती, खाणीच्या दिशेने, सिद्राम सर्वांत पुढे.

मी वळले. शकू दुसऱ्या रांगेत बसली होती, ताठ, डोळे गच्च मिटलेले. उजव्या हाताचं एक बोट वर होतं. पुढच्या आवाजाची ती वाट पाहत होती. वर्गात इतकी शांतता पसरली होती की बाहेर कुणीतरी सोपानरावांच्या नावाने मारलेली हाक सर्वांना ऐकू आली.

शकूने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, यकच," ती म्हणाली. "म्या खिसा बघितला न्हाई."

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उत्तर बरोबर आहे की नाही एवढंच तिला हवं होतं, आणि ते सांगणं माझं काम होतं.

"बरोबर," मी म्हणाले.